कारकून हरतो

साडू चांगला माणूस होता, आणि मास्तरांची मुख्य तक्रार हीच होती. वाईट माणसाचा राग करायला काही कष्ट पडत नाहीत. पण जो जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासतो, अंघोळ झाली की न्हाणीघराची फरशी कोरडी करतो, बेकरीच्या पहाटेच्या पाळीला निघताना कडीचा आवाजसुद्धा होऊ देत नाही आणि दुपारी परतताना सगळ्यांना पुरेल एवढा ताजा पाव घेऊन येतो, तो डोळ्यांत खुपायचा म्हणजे बघणाऱ्याचे डोळेच तसे तयारीचे लागतात. मास्तरांचे होते.

हा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि इकडे त्यांच्या घरात नळ बदलायचं काम निघून सगळी जमीन उकरलेली. "एकटे कुठे हाल काढता? आमच्याकडे या की चांगले महिनाभर," असं मास्तरच फोनवर बोलून बसले होते. त्यांना वाटलं होतं, साडू नको नको म्हणेल. तो दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात हजर.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. ते मोटार चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आणि आपल्या पायाशी आपला वेगळा ब्रेक. त्याचं काही चुकलं की दाबायचा ब्रेक, थांबवायची गाडी, काय चुकलं ते नीट उलगडून सांगायचं, आणि मग पुढे जाऊ द्यायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्यांना कोणतीही चालती गोष्ट बघवत नसे. बायको फोनवर बोलत असली तरी मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जाई.

आणि त्यांना एक वेड होतं, जपानमधल्या कुस्तीचं. सुमो नव्हे, सुमो म्हटलं की मास्तर दुखावत. तोंडं रंगवून दोरीवरून उड्या मारायच्या, एकमेकांच्या टाळक्यात खुर्च्या घालायच्या, तीही नव्हे. ही त्याच घराण्यातून फुटून वेगळं बिऱ्हाड केलेली कुस्ती. खेळायची ठरवूनच, कोण हरणार तेही आधी ठरलेलं. पण अशी खेळायची की खरी लढत वाटावी. साध्या चड्ड्या, नडगीला पट्टे, उघड्या तळहाताचे फटके, आणि मग जमिनीवर एकमेकांच्या हातापायांना घातलेले पेच. पेच बसला की सुटायला रिंगणाची दोरी धरायची. दोरी धरली की समोरच्याने सोडलंच पाहिजे, पण धरणाऱ्याचा एक गुण गेला. सगळे गुण गेले की हार. नाहीतर त्याआधीच हात आपटून शरण यायचं. एवढाच काय तो कायदा.

मास्तरांच्या मते माणसाच्या जातीने याहून सुंदर काही केलेलं नाही. एक माणूस आपला खांदा, आपला गुडघा दुसऱ्याच्या हातात बिनघोर देतो, आणि बघणाऱ्याला मात्र वाटतं की त्याने तो हिसकावून घेतला! ही एक गोष्ट कुणाला तरी दाखवावी म्हणून मास्तर तरुणपणापासून तडफडत होते. टेपा जमवल्या, टेपांच्या सीड्या करून घेतल्या, सीड्या हार्डडिस्कवर चढवल्या. सगळं तय्यार होतं, फक्त शेजारी बसायला माणूस नव्हतं.

माणूस म्हणजे बायको. दुसरं कोणी त्यांना नकोच होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला मोठ्या हौसेने समोर बसवलं होतं. तिने विचारलं, "पण हे ठरवूनच करतात ना?" मास्तरांनी चित्र थांबवलं. "हो, पण..." असं म्हणून जे सुरू झाले, ते तिचा चहा गार झाला तरी त्या 'पण'मधून बाहेर आले नाहीत. चित्र पुन्हा सुरू झालं. कुणीतरी कुणाचातरी घोटा धरला. मास्तरांनी थांबवलं. "आता बघ, हा पाय का सोडून देतोय..." तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा ती इस्त्रीचे कपडे घेऊन आतल्या खोलीत गेली. त्यानंतर तिने कधी नाव काढलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. मास्तर एकटे बघत, एकटेच थांबवत आणि रिकाम्या सोफ्याला समजावून सांगत. आतून इस्त्रीची वाफ फुसफुसत राही. हिला एकदा तरी हे दिसावं, एवढंच त्यांना आयुष्यात पाहिजे होतं, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

अशा माणसाने एका संध्याकाळी कामावरून येऊन स्वतःच्या दाराला किल्ली लावली, तर आतून बायकोचा आवाज आला.

"दोरी! अरे दोरी धर, गाढवा, दोरी!"

मास्तर किल्ली तशीच ठेवून उभे राहिले. त्यांना क्षणभर वाटलं, आपण मजला चुकलो.

सोफ्यावर बायको पाय वर घेऊन बसली होती. ती लॉन्ड्रीच्या काउंटरवरून दुपारी सुटते, साडूची पाळीही दुपारी संपते. साडूला वेळ जाईना म्हणून त्याने जे हाताला लागलं ते लावलं होतं, आणि ती येता-जाता उभी राहिली होती, मग टेकली होती, मग बसली होती. टेबलावर पावाचे कण आणि दोन कप. पडद्यावर मास्तरांचा लाडका, बुटका, विरळ केसांचा कुस्तीगीर दोरीकडे सरपटत होता.

"आलात?" बायको मान न वळवता म्हणाली. "चहा गाळून ठेवलाय बघा. भाऊजी, गेला का हो याचा गुण?"

भाऊजींना विचारलं! या घरात त्या दोरीचा कायदा कोणाला माहीत होता? साडूला तो कोणी सांगितला होता? पहिल्या रात्री जेवताना मास्तरांनीच ना! मास्तरांनी गार झालेला चहा उभ्याने प्यायला.

त्यानंतर रोजचंच झालं. मास्तरांनी स्वतःची समजूत घातली की चांगलंच आहे, तिला गोडी लागली, कुणाच्या हातून लागली याला काय महत्त्व? समजूत घालून झाली की पुन्हा जळफळाट सुरू. तसली काही शंका त्यांच्या मनात नव्हती. साडू तिला ती दोन वेण्या घालत होती तेव्हापासून ओळखत होता, अजूनही माहेरच्यासारखं 'धाकटे' म्हणत होता. तसली शंका परवडली असती. तिच्यावर निदान भांडता येतं. बायको साडूबरोबर कुस्ती बघते यावर कुठल्या तोंडाने भांडायचं?

आणि बघायची पद्धत तरी कसली! कुस्तीगिरांची नावंसुद्धा त्यांना येत नव्हती. बुटक्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'कारकून', कारण तो रिंगणात असा उतरे की आता दोन-चार फायली हातावेगळ्या करून घरी जाणार आहे. दुसरा एक उंच, देखणा, लाल बुटांचा होता. त्याचं नाव 'जावई', कारण त्याच्या तोंडावर कायम, माझं अजून कोणी नीट स्वागत केलेलं नाही, असा भाव. मास्तरांनी एकदा खरी नावं सांगितली, उच्चारासकट. दोघांनी आदराने ऐकून घेतली. पुढच्याच मिनिटाला बायको म्हणाली, "मग काय, कारकुनाचं आज काही खरं नाही."

एकदा मास्तर लवकर आले आणि त्यांच्यात बसले. सोफा दोघांचाच, तेव्हा मास्तर आपल्याच घरात शेजारच्या रेक्झिनच्या खुर्चीत. जावयाने कारकुनाच्या दंडाला पेच घातला. मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला आणि पाठोपाठ बोट रिमोटवर. चित्र थांबलं.

"आता बघ, इथे त्याने कोपर मुद्दाम उघडं ठेवलंय. का? तर..."

ते सांगत असताना बायकोने साडूकडे पाहिलं आणि साडूने तिच्याकडे. नुसतं पाहिलं. वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरची दोन पोरं पाहतात तसं. मास्तरांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्या एका नजरेने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून रिमोट जागेवर दिसेना. तो साडूच्या मांडीखाली असतो हे मास्तरांना कळलं, पण मागायचा कसा?

अंथरुणात त्यांनी बायकोला विचारलं, अगदी सहज, आवाजात काही येऊ न देता. "माझ्याबरोबर कधी बसली नाहीस ती."

"तुमच्याबरोबर बघायचं कुठे असतं?" ती कूस बदलत म्हणाली. "तुमच्याबरोबर शिकायचं असतं."

"आणि साडू काय वेगळं सांगतात?"

"काहीच सांगत नाहीत. मला विचारलं, यातला कोण आवडला तुला? झालं. मग मी त्याच्यासाठी बघत बसले." तिने पांघरूण वर ओढलं. "कारकून आवडला. तो जिंकावा असं फार वाटतं हो. पण तो हरतच असतो."

कोण आवडला! बस्स, एवढ्यावर? हा प्रश्न आपल्याला एकदाही कसा सुचला नाही, या विचाराने मास्तर बराच वेळ छताकडे बघत होते. सुचला नाही याचं दुःख होतंच. पण तो साडूला सुचला, याचं जास्त होतं.

होता होता साडूच्या घरचे नळ बसले. सोमवारी तो परत जाणार होता. रविवारी दुपारी त्यांनी शेवटची म्हणून एक लढत राखून ठेवली होती: कारकून आणि जावई, दुसऱ्यांदा. पहिल्या लढतीत जावयाने कारकुनाचा घोटा पिरगाळून त्याला हात आपटायला लावला होता, आणि त्या दिवशी बायको जेवताना गप्प होती. आज तिने सकाळीच कामं आवरली. पडदे ओढले. फोन आतल्या खोलीत ठेवून आली. सोफ्यावर ती आणि साडू असे बसले होते की जणू परीक्षेचा निकाल लागणार आहे. मास्तर दारात उभे होते. त्यांनाही "बसा ना" म्हणाले दोघं, एका सुरात. ते एका सुरात म्हणणंच त्यांना झोंबलं.

"भाऊजी, मला तर धडधडतंय," बायको म्हणाली आणि तिने साडूच्या हातावर हात ठेवला, लहान मुलीसारखा.

त्या क्षणी मास्तरांचं जे काही धरून ठेवलेलं होतं ते सुटलं. या कुस्तीचं वेड असलेले लोक एक गोष्ट कधी करत नाहीत. भांडतील, शिव्या देतील, टेप उसनी नेऊन परत देणार नाहीत. पण ज्याने बघितलेली नाही त्याला शेवट सांगायचा नाही. ठरलेल्या खेळात बघणाऱ्याकडे तेवढंच तर असतं, की ठरलंय, पण मला माहीत नाही. मास्तरांनी उभ्या जन्मात हे पाप केलं नव्हतं.

"कारकून हरतो," मास्तर म्हणाले.

बायकोने साडूच्या हातावरचा हात काढून घेतला.

"यातही हरतो. परत घोट्यावरच. दोरीपर्यंत जातो आणि हात आपटतो. बघा आता."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिचं तोंड नुसतं उतरलं. हातातून काचेचं काही पडावं आणि आवाजही होऊ नये, तसं. ती उठायला लागली. साडू म्हणाला, "बस गं धाकटे. हरू दे. कसा हरतो ते तर बघू." आणि त्याने लढत लावली.

मास्तर खुर्चीत बसले. त्यांना विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तोंडाला नुसती कडू चव आली होती.

लढत सुरू झाली. कोणी थांबवत नव्हतं, कारण रिमोट साडूपाशी होता. जावई येताच फटके मारू लागला. कारकून ते खांद्यावर घेत होता, हळूच आत शिरत होता, खाली ओढत होता. एकदा दोरी धरली, गुण गेला. पुन्हा धरली. तळहाताचा एक फटका असा बसला की कारकून गुडघ्यावर आला आणि आपण कुठे आहोत ते आठवत असल्यासारखा बघत राहिला. बायकोने उशी पोटाशी धरली होती आणि ती हरण्याची तयारी करून बसली होती, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. कारकुनाने आणखी एकदा दोरी धरली, आणि त्याचे गुण संपायला आले. आता दोरीला एकदा जरी बोट लागलं असतं तरी हार होती.

मग घोटा आला. जावई मागे पडला आणि त्याने पाय काखेत धरला. मास्तरांना पाठ होतं ते सगळं. आता सरपटेल, आता हात उचलेल, आता आपटेल.

कारकून सरपटला. दोरीपाशी आला. हात उचलला आणि दोरीवर नेला. तिथेच थांबला. दोरीत आणि बोटांत बारीकशी फट राहिली. मास्तरांना हे आठवत नव्हतं. ते खुर्चीतून पुढे झुकले. या जागी ते दर वेळी चित्र थांबवत आणि सोफ्याला घोट्याचं शास्त्र सांगत. त्या शास्त्राच्या नादात हा हात त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, आणि दोन लढतींचा त्यांच्या डोक्यात कधीच एक गोळा होऊन बसला होता.

कारकुनाने हात मागे घेतला. दोरीकडे पाठ केली आणि ज्या बाजूला पाय पिरगाळला जात होता त्याच बाजूला स्वतःला लोटून दिलं. गोल फिरला. जावयाचा दंड त्याच्या दोन्ही मांड्यांत आला कसा, हे कोणालाच कळलं नाही, जावयालाही नसावं. तो देखणा चेहरा प्रथमच अगदी साध्या माणसासारखा झाला, आणि त्याने हात आपटला.

बायको किंचाळली. उशी पंख्यापर्यंत गेली. साडूला गदागदा हलवून ती सोफ्यावर उभीच राहिली, डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. "जिंकला! अहो जिंकला तो! अगंबाई!" मग ती वळली. मास्तरांकडे वळली. धावत येऊन तिने त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"कसले आहात हो तुम्ही! काय साळसूदपणे सांगितलं, कारकून हरतो म्हणे! तुम्ही बोलला नसतात तर एवढं वाटलं असतं का मला? मी तर मनातून त्याला केव्हाच निरोप देऊन बसले होते!"

ती त्यांच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत मास्तरांना जी नजर पाहिजे होती, ती हीच. लॉन्ड्रीतून दमून आलेली नाही, इस्त्रीआडून आलेली नाही, समोरासमोरची.

तिच्या खांद्यावरून त्यांना साडू दिसला. साडू हसत नव्हता. तो मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिथे जे होतं ते त्याने सगळं वाचलं. क्षणभरच. मग त्याने मांडीवर थाप मारली.

"पक्के आहेत मास्तर! आपल्या दोघांनाही गुंडाळलं बघ, धाकटे."

साडूने बायकोचं हसू नेलं, ते मास्तरांनी महिनाभर कसंबसं सोसलं होतं. त्याने ते असं उचलून परत हातात ठेवलं, हे मात्र त्यांना सोसवेना.

"नाटक नव्हतं ते," मास्तर म्हणाले. आवाज फाटला. "मला खरंच वाटत होतं तो हरतो. आणि मी मुद्दाम सांगितलं. तुमची मजा घालवायला. तुम्ही दोघं बघत बसता ना, मी जळतो. जळतो मी, कळलं?"

बायको त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली. आणि मग इतकी हसली, इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

"अजून चालूच आहे! भाऊजी, चेहरा बघा, चेहरा! अगदी खरा वाटतो!" तिने डोळे पुसले. "थांबा, चहा टाकते. पुढची लावा तुम्ही. यातही काहीतरी फेका हं, सोडू नका." आणि ती गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला.

दोघं साडू समोरासमोर राहिले.

"कळलं मला," साडू हळू म्हणाला. "खरं बोललात ते."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"कशाला? किती खुश झालीय." साडूने रिमोट मांडीखालून काढला आणि पुढची लढत शोधू लागला. मास्तरांनी हात पुढे केला नाही. या घरात आपल्याला आतून-बाहेरून ओळखणारा एकच माणूस आहे, तो हा आहे, आणि तो उद्या जाणार आहे. हे एकदम त्यांच्या मनात आलं.

साडू सोफ्यावर सरकला. मास्तर उठून त्याच्या शेजारी बसले. पडद्यावर दोन नवीन माणसं रिंगणात चढली, एक जाडा आणि एक बारीक. मास्तरांनी ही लढत निदान दहा वेळा लावली होती, आणि शेवटी कोण जिंकतो ते त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

"अहो!" आतून बायकोने हाक मारली. "यात कोण जिंकतो?"

मास्तरांनी साडूकडे पाहिलं. साडूने पडद्यावरची नजर न हलवता करंगळी वर केली.

"बारीक!" मास्तर ओरडले, आणि महिनाभरात आला नव्हता एवढा राग त्यांना त्या करंगळीचा आला.